भाकर, कोंबडी आणि ‘नॅचरल’चं पोतं

मराठवाड्यात कुत्रं पाळणाऱ्यांचे सध्या दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, भाकर-दुधावर आमच्या आज्याची कुत्री म्हातारी होऊन मेली, ही पाकिटं म्हणजे शहरी थेरं. दुसरा पंथ नवा. त्याच्या दारात लॅब्राडोर नाहीतर जर्मन शेफर्ड असतं, ते महागाच्या पोत्यावर पोसलं जातं आणि त्या पोत्यावर हिरवं पान, गाजर-मटारचं चित्र आणि ठळक अक्षरात ‘नॅचरल’ असतं. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण दावा एकच: आम्ही जनावराला नैसर्गिक खायला घालतो. मी दोघांनाही एकच विचारतो. यात काय कमी पडतंय?

जनावराच्या पोटाला खाणं शेतातून आलं की कारखान्यातून, हे कळत नाही. त्याला प्रथिनं, चरबी, कॅल्शियम, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्वं असे तीस-चाळीस घटक मापात लागतात. एखादा रोज थोडा थोडा कमी पडत राहिला तर महिना-दोन महिने काही दिसत नाही. मग केस रखरखीत होतात, पिल्लाचे पाय वाकतात, आणि तोवर आपण ‘याला काय कमी आहे, रोज चिकन खातंय’ असं म्हणत असतो.

हिशेब भाकरीपासून करू. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं, 335 च्या आसपास कॅलरी, 28 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 270 मिलिग्रॅमच्या मागंपुढं फॉस्फरस असतं. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला अंदाजे 850 कॅलरी लागतात. ते नुसत्या भाकरीवर ठेवलं तर अडीचशे ग्रॅम पीठ जिरवेल. पोट भरलं, कॅलरी पुऱ्या झाल्या. प्रथिनं मिळाली 25 ग्रॅम. अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेची कोष्टकं पशुखाद्यवाले जगभर वापरतात, त्यांच्या हिशेबानं किमान 38 ग्रॅम हवी होती. कॅल्शियमचं तर विचारूच नका. लागतं हजार मिलिग्रॅमच्या वर, मिळालं 70.

मग आज्याची कुत्री जगली कशी? ती भाकरीवर जगत नव्हती, भाकर हा त्यांचा जोडधंदा होता. उंदीर, सरडे, मेलेल्या ढोराचं मांस, गाय व्याली की तिची वार, वाड्यावरचं ताक, कुणाच्या तरी उकिरड्यावरची हाडकं, असा खुराक गावभर पसरलेला असायचा. लातूर-उदगीरकडची कारवान आणि पश्मी कुत्री तर सशामागं धावण्यासाठीच प्रसिद्ध. शिकार आता कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळं. शिवाय जी कुत्री पंधरा वर्षं जगली तीच आज्याच्या गोष्टीत आली. जी वर्षाच्या आत गेली त्यांची नोंद कुणी ठेवलीय? फ्लॅटच्या गॅलरीत बांधलेल्या लॅब्राडोरला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्या ताटात जे नाही, ते त्याच्या आयुष्यात नाही.

इथं शेजारच्या काकूंचं उत्तर ठरलेलं असतं, “अहो, चिकन बी घालतेच की मी. आता आणिक काय घालू?” काकू चिकन घालतात हे चांगलंच आहे, प्रथिनांचा प्रश्न तिथं बराचसा सुटतो. पण कोंबडीच्या बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम शंभर ग्रॅमला पंधरा मिलिग्रॅमही नसतं आणि फॉस्फरस दोनशेच्या घरात. कुत्र्याच्या शरीराला ही दोन्ही खनिजं जोडीनं लागतात, फॉस्फरसच्या एका भागाला कॅल्शियमचा एक ते दोन भाग असं प्रमाण. भाकरीत ते उलटं, चिकनमध्येही उलटंच. दोन उलटी मिळून सुलटं होत नाही. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडातून ते काढायला लागतं. वाढत्या पिल्लात हे लवकर दिसतं: पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पंजा पसरतो, उडी मारताना कळवळतं. जर्मन शेफर्डच्या किती पिल्लांना ‘पायात वात आलाय’ म्हणून तेल चोळलं जातं!

मोठ्या कुत्र्यासाठी यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय अंड्याचं टरफल. धुऊन, उकळून, उन्हात खडखडीत वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखं बारीक करायचं. चहाच्या सपाट एक चमचा पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम भरतं, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला अर्धा चमचा पुरे. पिल्लांच्या बाबतीत मात्र अंदाजपंचे नको. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर तेही अंगाबाहेर टाकता येत नाही आणि हाडं बिघडतात. मेडिकलमधून गोड सिरपची बाटली आणून झाकणं मोजण्यापेक्षा डॉक्टरला पिल्लाचं वजन आणि खाणं दोन्ही सांगा.

घरचंच खाऊ घालायचं असेल तर त्याच पंधरा किलोच्या कुत्र्याचं दिवसाचं ताट साधारण असं बसतं: सव्वाशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, दीडशे ग्रॅम बिनहाडाचं शिजवलेलं चिकन, एक उकडलेलं अंडं, कलेजीचा छोटा तुकडा, थोडा लाल भोपळा, दोन चमचे करडईचं तेल आणि टरफलाची पूड. करडई मुद्दाम सांगतोय. आपल्याकडं ती पिकते, तिच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कुत्र्याच्या केसांची चमक मोठ्या प्रमाणात त्याच्यावरच अवलंबून असते. ‘स्किन अँड कोट’चं महागडं टॉनिक घेण्याआधी घाण्यावरचं तेल महिनाभर देऊन पाहा. जवसाचं कौतुकही बरंच होतं, पण त्यातलं ओमेगा-3 ज्या रूपात असतं ते कुत्र्याला नीटसं बदलून वापरता येत नाही. मासा त्याहून कामाचा. कलेजीही रोज वाटीभर नको, अ जीवनसत्त्व साठून त्रास होतो.

आणि एवढं करूनही ताट पुरं होत नाही. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांत ते कमीच राहतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती पाककृती तपासल्या होत्या, 2013 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. 200 पाककृतींपैकी 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि त्यातल्या कित्येक पाककृती पशुवैद्यांच्याच होत्या. म्हणून घरच्या खाण्यावर पूर्ण भिस्त ठेवायची तर सोबत खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण लागतंच. गाई-म्हशीचं मिनरल मिक्श्चर घरात आहे म्हणून त्यातलंच चिमूटभर घालणारे भेटतात. तसं करू नका, त्याची मापं वेगळ्या जनावराची असतात. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या इतक्या जवळ शिकलेली माणसं असताना रेसिपी रीलवरून का घ्यायची?

आता पोत्याकडं वळू. समोरची बाजू चित्रांसाठी असते, ती सोडा. पोतं उलटं करा आणि बारीक अक्षरात एक ओळ शोधा: ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, आणि ते कुणासाठी, पिल्लासाठी की मोठ्यासाठी. सोबत आफको, युरोपातली फेडियाफ किंवा आपल्या मानक ब्यूरोचं आयएस 11968 यांपैकी कशाचा तरी उल्लेख असावा. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘ट्रीट’ किंवा ‘टॉपर’ असं लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. मांजरांच्या छोट्या ग्रेव्हीच्या पाकिटांत हा गोंधळ फार होतो. मला विचाराल तर ‘नॅचरल’ या शब्दापेक्षा ही एक ओळ दहापट मोलाची आहे.

आफकोच्या व्याख्येत ‘नॅचरल’चा अर्थ एवढाच, की घटक वनस्पती, प्राणी किंवा खनिजातून आलेले असावेत, रासायनिक पद्धतीनं बनवलेले नसावेत. त्यात तळाला गेलेला मकाही बसतो आणि उत्तम मासाही. मजा म्हणजे वरून घातलेली जीवनसत्त्वं त्यातून वगळलेली असतात, कारण त्यांच्याशिवाय खाणं पुरं करणं फार अवघड. तेव्हा यादीच्या शेवटी ‘झिंक सल्फेट’, ‘टॉरिन’ असली नावं दिसली तर दचकू नका. बहुतेक वेळा ताटातली उणीव भरायला घातलेले तेच घटक असतात. उलट ती नावं नसतील तेव्हा संशय घ्या.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. त्यामुळं ‘फ्रेश चिकन’ पहिल्या नंबरवर दिसलं तरी दाण्यात वाळल्यावर ते खाली सरकतं, आणि ‘चिकन मील’ म्हणजे आधीच वाळवलेलं मांस, तिसऱ्या नंबरवर असूनही जास्त भरू शकतं. ‘बाय-प्रॉडक्ट’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. काळीज, पेटा, फुफ्फुस ही सगळी बाय-प्रॉडक्टच. कुत्र्याला निवडायला सांगितलं तर ते छातीचं मांस सोडून आधी तिकडंच जाईल. मका आणि सोयाबीनही विष नव्हे. लातूरच्या बाजारात विकलेलं सोयाबीन तेल काढून, डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड होऊन, चार पट भावानं पाकिटातून आपल्याच दारात परत येत असेलही. प्रश्न फक्त एवढा, की प्रथिनांचा मोठा वाटा त्याचाच आहे का. तसं असेल तर मांसाचे पैसे देऊ नका.

‘क्रूड प्रोटीन 24 टक्के’ या आकड्यानं ते कळत नाही. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्याला 6.25 नं गुणते. 2007 साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे कारखान्यातलं रसायन मिसळलेलं निघालं ते याच फटीतून. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळं कागदावर प्रथिनं वाढली, आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं बंद पडली. तेव्हा आकडा आणि यादी दोन्ही एकत्र वाचायच्या.

जे छापत नाहीत ते आपण काढायचं. समजा पोत्यावर प्रथिनं 20, चरबी 10, तंतू 5, ओलावा 10 आहे. राख म्हणजे खनिजं आठेक धरा. बेरीज 53. उरलेले 47 टक्के म्हणजे पिष्ट, सरळ शब्दांत पीठ. अशा दाण्यावर वर भाकर कुस्करून घालणारी मंडळी आहेत! ओल्या पाकिटाची तुलना करताना पाणी वजा करावं लागतं: प्रथिनं 8 टक्के आणि ओलावा 80 टक्के असेल तर कोरड्या भागात ती 40 टक्के होतात. आकडा लहान म्हणून माल हलका असं नसतं. आफकोचं किमान माप कोरड्या भागावर मोठ्या कुत्र्याला 18 आणि पिल्लाला 22.5 टक्के, मोठ्या मांजराला 26 आणि पिल्लाला 30.

‘ग्रेन-फ्री’बद्दल थोडक्यात. धान्य काढून त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याचा तपास सुरू केला. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण फायदाही सिद्ध झालेला नाही. ज्वारीच्या मुलखात त्यासाठी जादा पैसे मोजायचं मला तरी कारण दिसत नाही.

नैसर्गिक मालाची एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. दाण्यावर चरबीचा थर असतो, तो खवट होऊ नये म्हणून काहीतरी घालावं लागतं. बीएचए, बीएचटीसारखी कृत्रिम रसायनं जास्त टिकतात. त्याऐवजी ई जीवनसत्त्व, म्हणजे ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ घातलेला माल ‘नॅचरल’ म्हणून विकतात. तो चांगलाच, पण पोतं फोडल्यावर लवकर उतरतो. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर. पत्र्याच्या गाळ्यात थप्पी लावलेलं, दुपारभर उन्हात तापलेलं पंधरा किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून घ्यायचं आणि दोन-तीन महिने पुरवायचं, यात ‘नॅचरल’चा सगळा अर्थ निघून जातो. महिनाभरात संपेल एवढंच आणा. पोतं डब्यात रिकामं करू नका, पोत्यासकट डब्यात ठेवा, म्हणजे लॉट नंबर आणि तारीखही हाताशी राहते. दहा-बारा दाणे तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. खवट खोबऱ्याचा किंवा जुन्या तेलाच्या डब्याचा वास आला तर परत द्या. दाणे एकमेकांना चिकटलेत, मध्ये बारीक जाळी आहे, तळाला भुकटी फार आहे, तरी परत. सुट्टा माल तर घेऊच नये. तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यातून किलोभर मापून देतात, तेव्हा ते कुठल्या कंपनीचं, कधीचं, फोडून किती दिवस झाले, सगळं दुकानदाराच्या जिभेवर.

बुरशीचं याहून वाईट. पावसात भिजलेला मका, बुरा आलेली शेंगदाण्याची पेंड, ‘माणसानं खाण्यासारखं नाही, कुत्र्याला घाला’ म्हणून बाजूला काढलेलं धान्य. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. ते भाजून-शिजवून पुरतं जात नाही आणि थेट लिव्हर धरतं. अमेरिकेत 2020 च्या शेवटी अशाच एका खाद्यामुळं डझनावारी कुत्री दगावली, आणि ते कारखान्यातलं पॅकबंद खाणं होतं. माणसाला नको ते धान्य कुत्र्यालाही नको.

कच्च्या मांसाचं फॅडही हळूहळू संभाजीनगरपर्यंत आलंय. आपल्या उन्हात ते तासाभरात बिघडतं, हे एक. दुसरं जास्त गंभीर. शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं फुफ्फुस, काळीज कुत्र्यापुढं टाकायची जुनी रीत आहे. त्यातल्या गाठींमधून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि लेकराच्या हातातून पोटात गेली की माणसाच्या लिव्हरमध्ये, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. हायडॅटिड म्हणतात त्याला. शिजवलं की धोका संपला. हाडांचं नेमकं उलटं: शिजवलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटतं, ते देऊच नका. आणि येसराची आमटी किंवा काळ्या मसाल्याचं कालवण भाकरीवर ओतून देऊ नका, त्यातल्या कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुके, चॉकलेट हेही कायमचं वर्ज्य.

मांजराचं खाणं हा वेगळाच कायदा आहे. कुत्रं हजारो वर्षं माणसाबरोबर राहून पिष्ट पचवायला शिकलं, मांजर नाही. टॉरिन, अ जीवनसत्त्व, अॅरॅकिडॉनिक आम्ल हे तिघंही त्याला मांसातूनच हवेत. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा जातो, हृदय फुगतं. हृदयाशी असलेला हा संबंध 1987 मध्ये पुढं आला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. दूध-भातावरची मांजरं निभावून नेतात ती उंदरांच्या जिवावर. घरात कोंडलेल्या मांजराला दूध-भात, किंवा कुत्र्याचं पोतं आहे म्हणून त्यातलंच मूठभर, हे चालणार नाही. शाकाहारी घरात मांजर आणण्याआधी यावर बोलून घ्यावं.

एवढ्या सगळ्यातून बहुतेक घरांसाठी मला जे जमण्यासारखं वाटतं ते असं: ‘कम्प्लीट’ लिहिलेला, यादीत मांस वर असलेला मधल्या भावाचा दाणा, आणि दिवसाच्या कॅलरींपैकी दहाव्या हिश्श्यापर्यंत घरचं अंडं, चिकन, दही किंवा भाकरीचा तुकडा. भाव किलोवर पाहू नका, कॅलरीवर पाहा. 250 रुपये किलोच्या पोत्यात किलोला 3,200 कॅलरी असतील आणि 300 रुपयेवाल्यात 4,000, तर हजार कॅलरीला पहिलं 78 रुपये पडतं, दुसरं 75. महाग दिसणारं स्वस्त निघालं. पाकिटावरचं खाण्याचं कोष्टकही जरा सढळ असतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत, यावर माप कमी-जास्त करा.

खाणं बदलायचं ते सात-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. शी पातळ झाली तर दोन दिवस मागं या. मांजराशी मात्र ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट करू नका. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, विशेषतः ते जाडजूड असेल तर. एक दिवस तोंड लावलं नाही की जुनं खाणं पुढं ठेवा, आणि तेही नाकारलं तर डॉक्टर गाठा.